आवाज दुसऱ्याचा

अंबरपेठेत हिम्मतरावांची पिठाची गिरणी होती, पण गल्लीत सगळे त्यांना ‘मंत्रीसाब’ म्हणत. एक्याण्णव साली निवडणुकांची टर उडवणाऱ्या एका तेलुगू सिनेमात त्यांनी मंत्र्याचं काम केलं होतं. झुपकेदार मिशा, पुढे आलेलं पोट आणि देगलूरकडचा पाटीलकीचा रुबाब, एवढ्या भांडवलावर दिग्दर्शकानं त्यांना दळणाच्या डब्यांमधून उचलून थेट प्रचाराच्या जीपवर चढवलं. नंतर काही भाबडी माणसं खरोखरच रेशनकार्डाची गाऱ्हाणी घेऊन गिरणीवर यायची. हिम्मतराव ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दळण वेळेवर द्यायचे. खऱ्या मंत्र्यांकडून तेवढंही होत नाही.

सिनेमातला गाजलेला प्रसंग रडण्याचा होता. मंत्री वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांसमोर गरिबांसाठी ढसाढसा रडतो आणि घरोघरी फुकट रंगीत टीव्ही देण्याचं वचन देतो. नारायणगुड्याच्या थिएटरात लोक त्या रडण्यावर खुर्च्या बडवून हसले. मग कुणा पुढाऱ्याला वाटलं, हा तर मीच. सिनेमा उतरवला गेला.

हिम्मतरावांची मुलगी शिल्पा तो बघायला गेलीच नव्हती. तिची आई जयवंता शूटिंगच्या थोडं आधी वारली, तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. पाहुण्यांना चहा मिळाला का, एवढंच ते विचारत फिरत होते. आणि कॅमेरा दिसताच धो धो रडले, हे गल्लीनं तिला कौतुकानं सांगितलं. तेव्हापासून ती बाबांशी कामापुरतं बोले. दुपारी त्यांची वाट बघत उपाशी थांबायची आईची रीत तिनं सोडली नाही, पण जेवताना दोघांत शब्द नसे.

गिरणीचा पट्टा थांबला, की हिम्मतरावांना जयवंता गेली ती दुपार खायला उठायची. तो सिनेमा एकदा, फक्त एकदा, पोरीला शेजारी बसवून बघावा एवढीच इच्छा उरली होती. तोंडानं सांगणं त्यांना जमत नव्हतं. गल्लीत केबल आली, तशी त्यांनी केबलवाल्या उदयची पाठच धरली.

“फिकर नक्को करो चाचा,” उदय म्हणायचा, “कॅसेट मिली तो लगातूं.”

चौऱ्याण्णवच्या निवडणुकीच्या धामधुमीत ती कॅसेट एकदाची मिळाली. रविवारी दुपारी शेजारीपाजारी हिम्मतरावांकडे जमले. बाहेर खऱ्या उमेदवारांच्या जीपा स्वस्त तांदळाच्या घोषणा देत फिरत होत्या.

“शिल्पा, एवढंच बघ,” हिम्मतराव म्हणाले. त्यांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

रडण्याचा प्रसंग आला, तसे हिम्मतराव उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज पार बंद केला.

“आवाज खोलो ना चाचा, असल मजा तो येइच्च है,” एक शेजारी कुरकुरला.

हिम्मतराव बटणावरचा हात काढेनात. “तो आवाज माझा नाही,” ते शिल्पाला म्हणाले. “माझं तेलुगू पडलं मराठी वळणाचं. दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही तोंडाला येईल ते बोला, आवाज मागाहून दुसऱ्याचा घालू. मग मी बोललो. माझे ओठ बघ.”

पडद्यावर हार घातलेला मंत्री रडत होता. पहिला शब्द शिल्पाला लगेच कळला. घरात शिरताना बाबा आईला अशीच लांबवून हाक मारत, जयवंताऽ. पुढचं मात्र तिला उमजेना.

“पुढं काय म्हणालात, बाबा?” तिनं विचारलं.

“त्या दिवशी गिरणीत गर्दी होती. मला उशीर झाला. ती ताट झाकून बसली होती, तशीच उपाशी गेली,” हिम्मतराव म्हणाले. “माझ्यासाठी थांबू नकोस, असं जन्मात तिला कधी म्हटलं नाही गं. तिथं म्हटलं, मी येतोच, तू जेवून घे.”

हिम्मतरावांनी बटणावरचा हात काढला, तसा कुणीतरी आवाज वाढवला. मंत्र्याच्या तोंडून दुसऱ्याच कुणाच्या आवाजात रंगीत टीव्हीचं वचन आलं आणि खोली हसण्यानं भरून गेली.

शिल्पा आत गेली. तिनं आपलं झाकून ठेवलेलं ताट उघडलं आणि बाबांना दिसेल अशी दारासमोर बसून, त्यांच्यासाठी न थांबता, पहिला घास तोंडात घातला. तो घशाखाली उतरेपर्यंत हिम्मतराव तिच्याकडे बघत होते.