घरात कोणी ओढतं का?

मुलगी आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा परळच्या एका हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आधी नुसती सर्दी होती. सासूबाईंनाही तीच झाली होती, त्या दोन दिवसांत बऱ्या झाल्या. मुलीच्या मात्र छातीत उतरली. दूध पिईना, श्वास घेताना पोट उडायला लागलं, तेव्हा टॅक्सी करून पळालो.

ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"नाही," माझा नवरा म्हणाला. शर्टाच्या खिशात पाकीट दिसत होतं. सासूबाई सलाइनकडे बघत राहिल्या. मीही गप्प बसले. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं कोण जाणे, पण पाठ होतं. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

लालबागला चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये आमची दीड खोली. तो बाल्कनीत ओढायचा, काच सरकवून. आत आला की तसाच मुलीला उचलायचा, गालाला गाल लावायचा. मी काही बोलले की म्हणायचा, "अगं, बाहेर ओढतो ना मी?" बाहेर म्हणजे पाळण्यापासून चार पावलं. तिथेच वाळत घातलेल्या तिच्या दुपट्यांना सिगरेटचा वास यायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच. सर्दी, धाप, टॅक्सी. डॉक्टरबाईही त्याच. या वेळी मी विचारायची वाट पाहिली नाही.

"मागच्या वेळी आम्ही खोटं बोललो. हा ओढतो. दिवसाला एक पाकीट."

त्या त्याच्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हायरस कुठूनही येईल, तो तुमच्या हातात नाही. पण धुराने हिच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या असतात. मोठ्या माणसाला जे नाकात होतं, ते हिच्या छातीत जातं. आणि धूर कपड्यांवरून, केसांवरून घरात येतोच. बाल्कनीचा उपयोग नाही."

बाहेर पॅसेजमध्ये तो म्हणाला, "डॉक्टरसमोर लाज काढलीस माझी."

"आत तिला श्वास घेता येत नाहीये आणि तुला लाजेचं पडलंय?"

सासूबाई मध्ये पडल्या. "असं बोलू नये गं. ह्याच्या बाबांनी मिलमध्ये असताना जन्मभर विडी ओढली. वाढलीच ना आमची पोरं?"

"आई, दर पावसाळ्यात ह्याची छाती भरायची, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचात, हे तुम्हीच सांगता ना?"

त्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. मला दया आली नाही.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी मुलीला घेऊन थेट गिरगावला, माहेरी गेले. आठवड्याने तो आला. हातात पेनासारखं काहीतरी होतं, ई-सिगरेट. "हा धूर नाही, वाफ आहे. आत नुसतं निकोटीन."

"नुसतं?" मी म्हटलं. "ते सोडून ये."

त्याला पाच महिने लागले. दोनदा सोडून पुन्हा धरली, दोनदा माझ्याशी खोटं बोलला. शेवटी व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे जायला लागला, आणि जमलं. मग मी परत आले. यंदाच्या थंडीत मुलीला सर्दी झाली, चार दिवस नाक वाहिलं आणि थांबलं. मी मात्र चारही रात्री तिच्या पोटाकडे बघत बसले होते.

आता नातेवाईक जमले की तो सांगतो, "लेकीसाठी सोडली." सगळे कौतुक करतात. त्याच्या मावशी म्हणतात, असा बाप मिळायला भाग्य लागतं. मी चहा ठेवायला आत जाते, कारण तिथे उभी राहिले तर मी बोलेन.