कुलपाआडची शिट्टी

शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळलं नाही तर हिला स्वतःचं जेवण पचत नाही, असं माझा नवरा माझ्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. खोटं नाही ते. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाने मला ग्रामपंचायतीत बसवलं. मला फार काही येतं म्हणून नव्हे. जागा बाईसाठी राखीव होती आणि अर्ध्या गावाला पाढे मीच शिकवले होते. पण भोचकपणाला पंचायतीत चौकशी म्हणतात हे कळलं आणि मी तिथे रमले.

आमचं गाव महाडच्या औद्योगिक वसाहतीला चिकटून आहे. पूर्वी इथून माणसं मुंबईला जात. आता कुठून कुठून माणसं इथे येतात. पाळी सुटली की बसमधून, मोटरसायकलवरून उतरतात, पाठीला डबा, हातात मोबाइल, आणि तोंडात अशी भाषा की मी मुद्दाम चाल मंद करून ऐकत राहते. एकदा किराणा दुकानात दोघे जण तांदळाच्या भावावरून इतक्या गोड भाषेत भांडत होते की मी साखर घ्यायची विसरून घरी आले.

पंचायतीच्या दवंडीचा आवाज माझा. शाळेत प्रार्थना सांगून गळा तयार झालेला होता, त्याचा मला थोडा तोराही होता. घरपट्टी भरा, चोरून घेतलेले नळ तोडले जातील, पोलिओचा डोस, ग्रामसभा, सगळं मीच बोललेलं. आधी टण् टण् टण् घंटा, मग ‘ग्रामस्थांना कळविण्यात येते की’, मग पुढचा मजकूर. भोंगा लावून गावभर दवंडी फिरवणाऱ्या रिक्षावाल्याने घंटा आणि पहिलं वाक्य एकदाच भरून ठेवलं होतं. नवीन काही सांगायचं असलं की फक्त पुढचा भाग जोडायचा. वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं होतं.

त्या मे महिन्यात वरून हुकूम आला, पावसाच्या आधी पुराची रंगीत तालीम घ्या. नदीचं पाणी वाढलं असं समजायचं, भोंगा फिरवायचा आणि खालच्या अंगाच्या लोकांनी शाळेत जमायचं. रिक्षात पुढे चालवणारा, मागे मी आणि ग्रामसेवक. गावातली मंडळी कुरकुरत का होईना निघाली. एक म्हातारी तर म्हणाली, “बाई, आता ऊन रणरणतंय, पानी कुठनं येतंय? भात तरी खाऊन घेऊ काय?” मी म्हटलं, खा आणि ये.

मग आम्ही ओढ्याकडेच्या खोल्यांपाशी आलो. पत्र्याच्या खोल्यांची ही लांब रांग माझ्या चुलत दिरांची. त्यांनी ती गेल्या काही वर्षांत बांधली आणि वसाहतीतल्या कामगारांना भाड्याने दिली. ओढा जिथे नदीला मिळतो तिथेच ती जागा. पावसात तिथे पाणी कुठवर चढतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भाडेकरूंना मात्र कोण सांगणार?

सगळ्या दारांना बाहेरून कुलपं होती. दोरीवर एक कपडा नाही. “बाई, कोन नाय हितं. पुढं घेऊ काय?” रिक्षावाल्याने विचारलं. ग्रामसेवकाने मान हलवली आणि ‘बंद’ असं लिहून टाकलं.

तेवढ्यात शेवटच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने दुसरी झाली. बडीशेप-मेथीच्या फोडणीसारखा काहीतरी वास आला, आपल्या डाळीचा नव्हे. ग्रामसेवक म्हणाला, “गॅस चालू ठेवून गेले वाटतं.” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिसरी शिट्टी झाली आणि मग आतून कोणीतरी गॅस बंद केला. ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. रिक्षा पुढे निघाली. मी वळून वळून त्या कुलपाकडे बघत होते. जून तोंडावर आला होता. खरं पाणी आलं आणि आम्ही असंच ‘बंद’ लिहून पुढे गेलो तर, हा विचार डोक्यात शिरला तो निघेना.

दुसऱ्या दिवशी अर्धा कापा फणस घेऊन मी एकटीच गेले. भोंगा नाही, ग्रामसेवक नाही. सगळी दारं सताड उघडी! दोरीवर कपडे, ओट्यावर बायका, कुठे मासे साफ करणं चाललेलं. शेवटच्या खोलीच्या दारात एक तरुण बाई दीड-दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उभी होती. मी फणस पुढे केला. ती हसली. तिच्याकडेही फणसाला आपल्यासारखाच मान असावा, कारण तिने आधी तो नाकाला लावला.

ती ओडिशाची. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण दोन मोडकी मिळून काम चालून गेलं. मी विचारलं, काल कुलूप का होतं? तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूहळू सांगितलं. पंचायतीची घंटा ऐकू आली की पाळीवर नसलेला एक जण दोरीवरचे कपडे ओढून आत टाकतो, बाहेरून सगळ्या खोल्यांना कुलपं लावतो आणि किल्ल्या खिशात घालून चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. रिक्षा गेली की येऊन उघडतो. मालकानेच शिकवलंय. घंटेची गाडी म्हणजे पैसे मागणारी, नळ तोडणारी, किती माणसं राहतात ते मोजणारी गाडी.

“और बच्चा? वो रोता नहीं?” मी विचारलं.

तिने पोराच्या तोंडावर पंजा ठेवून दाखवला. मग हसत म्हणाली, “बच्चे का मुँह दबाया. कुकर का कैसे दबाती?”

मीही हसले. घरी परत येताना मात्र ते हसू ओसरलं. ज्या आवाजाचा मी तोरा मिरवत होते, तो ऐकून एक आई आपल्या लेकराचं तोंड दाबत होती. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, तो आधी दिरांचा.

दिरांकडे गेले तर ते झोपाळ्यावर. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही पंचायतीत बसता की सीआयडीत?” मग खरं काय ते बाहेर आलं. पंचायतीच्या दप्तरी ती रांग गोठा म्हणून लागलेली होती. गोठ्याला पट्टी कमी. म्हणजे कागदावर तिथे म्हशी राहत होत्या, आणि पुराच्या वेळी कोणाला हलवायचं याच्या यादीत म्हशींचं नाव कशाला येईल?

“भावोजी, पाण्याला गोठा आणि खोली वेगळी कळत नाही,” मी म्हटलं.

“मी कुठं कुलपं लावतो? तेच लावतात.”

“तुम्ही शिकवलंत म्हणून.”

झोपाळा थांबला. ते उठले आणि आत निघून गेले.

पंचायतीच्या बैठकीत मी विषय काढला तर एकच गलका. सरपंच माझा जुना विद्यार्थी, तेव्हाही घाईने उत्तरं द्यायचा. “बाई, सोपं हाय. त्यांना मराठी कळत नाय. हिंदीत लावू.” दुसरा म्हणाला, त्यांच्या-त्यांच्या भाषेत पाट्या लावा, पैसे वरून मागू. मी म्हटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अरे, त्यांना कळत नाही म्हणून ते लपत नाहीत, कळतं म्हणून लपतात. त्याच घंटेने आणि त्याच गाडीने तुम्ही अगदी त्यांच्या आईच्या बोलीत सांगितलंत तरी कुलूपच लागणार.

“मग करायचं काय?” सरपंचाने विचारलं.

उत्तर मिळालं ते माझ्या माहेरच्या आठवणीतून. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, घरं डोंगरभर विखुरलेली. या धारेवरून त्या धारेवर निरोप द्यायचा तर कुकारा घालायचा, “कूऽऽऽ” असा लांब. पण आई आम्हाला बजावून सांगायची, गळा ओळखीचा असल्याशिवाय ओ देऊ नको गो. चकवा पण हाक मारतो. आमच्याकडे प्रत्येक घराचा गळा प्रत्येकाला पाठ होता. काका काय बोलतोय ते वाऱ्यात नीट कळायचं नाही, पण काका बोलतोय एवढं कळलं की आम्ही निघायचो.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा काही जण हसले. पण सरपंच हसला नाही. त्याची आजीही वरच्या वाडीची. शेवटी ठरलं ते असं: पुराच्या भोंग्याला घंटा नाही आणि माझा आवाजही नाही. त्या रांगेतल्या माणसांनीच बोलायचं. आणि शाळेत आलेल्याला नाव, गाव, खोली, मालक, काही विचारायचं नाही. गोठ्याची खोली कधी करायची हे सरपंच आणि माझे दीर दिवाळीनंतर बघतील. या शेवटच्या कलमावर मी नाक मुरडलं, पण पाऊस दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता.

आवाज भरायला आम्ही शेवटच्या खोलीच्या ओट्यावर बसलो. एका रांगेत इतक्या बोली राहतात हे मला तेव्हा कळलं. बिहारचा एक जण भिंतीकडे तोंड करून बोलला. आंध्रचा एक पोरगेला कामगार बोलायच्या आधी भांग पाडून आला, जणू फोटो काढायचाय. मी प्रत्येकाला विचारत सुटले, पाण्याला काय म्हणता, पळा कसं म्हणता, तुमच्या गावी पूर आला की कोण सांगतं? ओडिशावाली म्हणाली, तिच्या भाषेत पाणी म्हणजे पाणिच. मला उगाचच आनंद झाला.

बोलायची वेळ आली तेव्हा मात्र ती लाजली. “पाणि आसुछि, बाहारकु आस,” पाणी येतंय, बाहेर या. पण इतकं हळू की रिक्षावाला म्हणाला, “ताई, जरा जोर से, नदी को सुनाई दे ऐसा.” पुन्हा तेच. तेवढ्यात पोराने मूठभर माती तोंडात घातली आणि ती त्याच्यावर अशी खणखणीत ओरडली की ओढ्याकाठचे बगळे उडाले. आम्ही सगळे एकदम म्हणालो, “बस्, ऐसा ही बोलो!” आणि ती रागातच बोलली.

आषाढ संपत आला तेव्हा नदीने खरंच रंग दाखवला. वरच्या घाटात पाऊस कोसळत होता, दुपारी नाते-पाचाड या गावांकडून येणाऱ्यांनी रस्त्यावर पाणी आल्याचं सांगितलं, आणि रिक्षा निघाली. मी छत्री घेऊन ओढ्याच्या कोपऱ्यावर उभी राहिले. छत्रीचा काही उपयोग नव्हता.

रिक्षा वळली आणि भोंग्यातून आवाज आला: टण् टण् टण्! ‘ग्रामस्थांना कळविण्यात येते की’... सवयीने रिक्षावाल्याचं बोट जुन्याच जागी पडलं होतं. रांगेतल्या पहिल्या दारातून एक हात बाहेर आला, पत्र्याखालच्या दोरीवरचा टॉवेल ओढला गेला. एक माणूस कुलपांचा जुडगा घेऊन धावताना दिसला. पहिल्या दाराला कुलूप लागलं, दुसऱ्याला लागलं. ओढ्याचं पाणी तेव्हा ओट्याच्या पायरीला लागलं होतं. मी छत्री टाकून रिक्षापुढे धावले, “तो नको रे! बंद कर! माझा आवाज बंद कर आधी!”

भोंगा खरखरला. क्षणभर फक्त पाऊस. आणि मग तो रागावलेला आवाज आला, “पाणि आसुछि! बाहारकु आस!”

कुलूपवाला तिसऱ्या दारापाशी थांबला. त्याने रिक्षाकडे पाहिलं, मग शेवटच्या खोलीकडे. शेवटच्या खोलीचं दार उघडलं आणि तीच बाहेर आली, पोर कडेवर, पिशवीत कुकर. आपलाच आवाज ऐकून तिने तोंडावर पदर धरला होता. मग बिहारचा आवाज, मग आंध्रचा. लावलेली दोन्ही कुलपं निघाली. दारं उघडत गेली. मी मोजत नव्हते, मोजायचं नाही असं ठरलं होतं, पण एवढी माणसं त्या गोठ्यात राहतात हे पाहून मागून येऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले माझे दीर खाली बघत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन एका म्हाताऱ्याचं गाठोडं उचललं.

संध्याकाळपर्यंत खोल्यांच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या.

शाळेत आमच्या बायकांनी पिठलं-भात केला. ग्रामसेवकाने सवयीने वही उघडली. माझ्याकडे पाहिलं आणि मिटून खाली ठेवली. ओडिशावाली माझ्या जुन्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. रिक्षा अजून खालच्या आळीत फिरत होती आणि पावसातून तिचा आवाज मधूनमधून आत येत होता, “बाहारकु आस!”

पोराने तो ऐकला. खिडकीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई तर गप्प बसलेली. त्याला काही उलगडा होईना. पुन्हा बाहेरून आवाज आला, तसा तो तिच्या मांडीवर उभा राहिला आणि हा आवाज येतो तरी कुठून ते बघायला त्याने आपला चिमुकला पंजा तिच्या तोंडावर ठेवला.