उजवा म्हणजे कोणाचा?

तुझा देवावर विश्वास आहे का, असं त्या काळात कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. आमच्या घरी आई पूजा करते, बाबा तेव्हा पेपर वाचतात आणि दोघांचं उत्तम चालतं. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी होते. परीक्षेला जाताना देवाला नमस्कार करायचे, पण तो चष्मा घेतला ना हे पाहून घेण्यासारखा. त्यामुळे हा अनुभव लिहावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. अर्थ लावण्यात मी कच्ची आहे, म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेत मला बरा क्रमांक मिळाला होता. एमडी मेडिसिन करायचं हे ठरलेलं होतं, कुठे ते ठरत नव्हतं. पुण्यातल्या दोन जागा माझ्या आवाक्यात होत्या. एक मोठं सरकारी रुग्णालय, जिथे बाह्यरुग्ण विभागाची रांग सकाळीच फाटकाबाहेर जाते आणि एका खाटेशी चार नातेवाईक उभे असतात. दुसरं एका ट्रस्टचं, शांत, वेळ घेऊन येणाऱ्या रुग्णांचं. पर्याय ज्या क्रमाने भरू, त्या क्रमाने जागा मिळणार होती, आणि घेतलेली जागा सोडता येणार नव्हती. मैत्रिणी सांगत होत्या की शिकायचं तर सरकारीच. मला ते पटत होतं आणि तरीही मी ते नाव पहिलं घालत नव्हते.

त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. इंटर्नशिपमध्ये आमच्या युनिटचे एक सीनियर राउंडवर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तू पेशंटला प्रश्न विचारतेस की त्याची माफी मागतेस? रेडिओलॉजी घे बाई. अंधारात बसायचं, फिल्म उलट बोलत नाही." सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि राहिलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच बोलतो, पण रुग्ण 'कसंतरी होतंय' किंवा 'अंगात कणकण आहे' म्हणाला की मी मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करत बसायचे, तोवर दुसऱ्या कोणीतरी पुढचा प्रश्न विचारून टाकलेला असायचा. अनोळखी माणसाला त्याच्या पोटाबद्दल, झोपेबद्दल, दारूबद्दल विचारणं मला बेल न वाजवता कोणाच्या घरात शिरण्यासारखं वाटायचं. आणि मेडिसिनमध्ये तर सगळा खेळ बोलण्यावर. ट्रस्टच्या रुग्णालयात मी निभावून नेईन, सरकारी रुग्णालयात मी उघडी पडेन, असं माझं गणित होतं. खरा प्रश्न रुग्णालयाचा नव्हताच. मी या विषयाच्या लायकीची आहे का, हा होता.

आईचं माहेर तळकोकणातलं. तिकडे अडलेल्या गोष्टीत देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना एकेक ओलं फूल चिकटवायचं, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पुण्यात स्थायिक झालेल्या तिकडच्या मंडळींनी वाघोलीच्या पुढे एका टेकाडावर देवीचं छोटं देऊळ बांधलं आहे, तिथले गुरुजी कौल लावतात. पर्याय भरायची मुदत संपत आली तरी माझं ठरत नाही हे पाहून आई म्हणाली, "चल, देवीला विचारू." बाबा पेपराआडून म्हणाले, "विचारा. गुरुत्वाकर्षण तिथेही चालूच असेल." मी गेले, कारण निर्णय दुसऱ्या कोणावर तरी टाकायला मिळत होता.

त्या दिवशी मंगळवारची गर्दी होती. गुरुजींनी गाऱ्हाणं घातलं, "ट्रस्टचं रुग्णालय पहिलं घालावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे," आणि फुलं लावून ते दुसऱ्या कोणाची ओटी घ्यायला वळले. आई डोळे मिटून उभी होती. मी मात्र टक लावून पाहत होते. बऱ्याच वेळाने, काही आवाज न होता, माझ्या उजव्या हाताचं फूल सुटलं आणि देवीच्या पायाशी पडलं. मी आईला कोपराने ढोसलं. "पडला. उजवा." आईने हात जोडले. ती नंतर म्हणाली की तिलाही मनातून हेच हवं होतं, सरकारी वॉर्डातल्या क्षयाची आणि नातेवाइकांच्या मारामाऱ्यांची तिला भीती वाटत होती. गर्दीत गुरुजींना न सांगताच आम्ही खाली उतरलो. घरी येऊन मी ट्रस्टचं नाव पहिलं घातलं. खूप हलकं वाटलं. आपण घाबरून नाही, देवीच्या होकाराने हे करतो आहोत, असं मी स्वतःला सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपणार होती, तोवर क्रम बदलता येणार होता. सकाळीच आई म्हणाली, कौल मिळाला, ओटी भरून येऊ. देवळात त्या दिवशी कोणी नव्हतं. गुरुजींनी खण-नारळ घेतला आणि विचारलं, "मग काय, सरकारी ना?"

"नाही हो गुरुजी," आई म्हणाली, "उजवा पडला ना काल."

गुरुजी म्हणाले, "वहिनी, डावा पडला. निर्माल्य मी उचललं."

मी म्हणाले, "मी स्वतः पाहिलं, गुरुजी. उजवा होता."

"उजवा म्हणजे कोणाचा, डॉक्टरीणबाई?"

"माझा... म्हणजे, उजवीकडचा."

"कौल देवीला लावला होता की तुम्हाला?"

मी मूर्तीकडे पाहिलं. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिचा उजवा हात माझ्या डावीकडे होता. ही गोष्ट मला वैद्यकाच्या पहिल्या वर्गापासून शिकवलेली. उजवा म्हणजे नेहमी रुग्णाचा उजवा. छातीचा एक्स-रे समोर धरला की हृदय आपल्या उजवीकडे दिसतं आणि आपण न अडखळता त्याला डावीकडे म्हणतो. हजार वेळा केलेली ही अदलाबदल मी देवीसमोर केली नव्हती. मला ती करायची नव्हती, हेच खरं असावं.

"पुन्हा लावता येईल?" आईने हळूच विचारलं.

"एकाच गोष्टीचा दोनदा कौल लावत नाहीत. तिने एकदा सांगितलंय. ऐकायची सक्ती नाही तिची," गुरुजी म्हणाले आणि दिव्यात तेल घालायला वळले.

आई मला म्हणाली, "राहू दे गं. तुला जे दिसलं तोच कौल." ती माझ्यासाठी देवीशी तडजोड करत होती. मला रडू आलं असतं, पण मी लोकांसमोर रडत नाही. मी बाहेर येऊन कठड्यावर बसले.

तिथून खालची पायऱ्यांची वाट दिसते. एक गृहस्थ वर येत होते. पांढरे कपडे, टोपी, बोटात जाड अंगठी, खाली गाडी उभी. दर थोड्या पायऱ्यांनी ते थांबायचे आणि समोरच्या नव्या इमारतींकडे पाहायचे. पाहताना त्यांची मूठ छातीच्या मध्यावर यायची. पुन्हा चालू लागले की मूठ सुटायची. ते येऊन माझ्या शेजारी कठड्यावर टेकले आणि माझं लक्ष आहे हे पाहून म्हणाले, "ते समदे टावर दिसत्यात ना, ती आमचीच जमीन व्हती."

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर काय बोलावं ते सुचलं नाही. पण त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा वेगळा अर्थ घेतला असावा, कारण ते सांगत राहिले. आधी जमीन, मग विहीर, मग गेलेली बायको. मी मनात कशाचंही इंग्रजी करत नव्हते. माझं स्वतःचं सगळं त्या सकाळी विस्कटलेलं होतं, त्यामुळे ऐकण्याखेरीज माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मग आपसूक ते मुठीवर आले. "आताशा चढाय लागलं की हितं कुणी पाटा ठेवल्यावानी व्हतं. थांबलं की जातं. पोरगं म्हणतं गॅस हाय. त्याची गॅसचीच एजन्सी हाय, त्याला समदीकडं गॅसच दिसतोय."

मी हसले. मग विचारलं, "काका, बसल्या बसल्याही होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काल रातच्याला झालं. कुणाला सांगितलं न्हाई."

"मी डॉक्टर आहे. तुम्ही आता पायऱ्या उतरायच्या नाहीत."

माझा आवाज माफी मागत नव्हता, हे मला नंतर जाणवलं. आईने खाली गाडीपाशी थांबलेल्या त्यांच्या ड्रायव्हरला हाक मारली, गुरुजींनी खुर्ची आणली, आणि ड्रायव्हर व गुरुजींनी खुर्चीसकट त्यांना खाली नेलं. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. तो पाहून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मी गाडीत त्यांच्या शेजारी होते. वाटेत ते एकदाच बोलले, "तू मधी बोलली न्हाईस, म्हनून निघालं तोंडातनं." हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद होत आली होती, ती त्याच दुपारी उघडली. त्यांच्या मुलाने फोन करून हे कळवलं. रात्रीच्या दुखण्याबद्दल घरात कोणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पर्यायांचा क्रम बदलला. बाबांनी विचारलं, "गुरुत्वाकर्षणाने मत बदललं वाटतं?" मी म्हणाले, "मी चुकीच्या बाजूने वाचलं होतं." त्यांनी पुढे विचारलं नाही. बाबांचा हा गुण मला फार आवडतो.

मी ज्याला माझा दोष समजत होते, तो त्या कठड्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडला. देवीनेच त्यांना वर आणलं का, मला माहीत नाही. ते दर मंगळवारी येतात, त्या आठवड्यात जमलं नाही म्हणून बुधवारी आले, असं गुरुजी म्हणाले. मी एवढंच म्हणू शकते की त्या सकाळी माझ्या हातात काही नव्हतं आणि मला जे कळायला हवं होतं ते तिथे आयतं मांडून ठेवलेलं होतं. तिच्यासमोर मी कृतज्ञ आहे. पूर्वी मी हवं ते मागून घेऊन निघून जायचे. आता नमस्कार करून थोडा वेळ उभी राहते.

सरकारी रुग्णालयातली जागा मला मिळाली. पहिले महिने कठीण गेले, अजूनही जातात. सीनियर ओरडतात, नातेवाईक ओरडतात, आणि मी अजून बडबडी झालेली नाही. परवा वॉर्डात एका आजींच्या खाटेशी मी बराच वेळ उभी होते. त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "बाई, तुमी कायच का बोलत न्हाई?"

"तुमचं झालं की बोलते," मी म्हणाले.

त्यांनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर हात थोपटला. "मग बसा. लई हाय."

मी बसले.