झुंबरबाईचा फोटो

झुंबरबाईच्या कोंबड्यांचा रस्सा ओरपायला ट्रकवाले मुद्दाम शहागडला थांबतात, असं तातेराव खानावळवाला सांगत असे. तातेराव थापा मारण्यात पटाईत, पण ही थाप नव्हती. गोदावरीच्या पुलाजवळ त्याची खानावळ, अन् तिला कोंबड्या पुरवायची गावातली झुंबरबाई. नवरा गेल्यावर याच कोंबड्यांवर तिनं लेक वाढवली, उजवली.

अठ्ठ्याहत्तर साली गावात एक जीप आली. पांढऱ्या कोंबड्या विकणाऱ्या कंपनीची माणसं होती. त्यातल्या चष्मेवाल्यानं झुंबरबाईच्या अंगणात डोकावून विचारलं, "बाई, तुमच्या कोंबड्यांचा फोटो काढू का?" बाई हरखून गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन बाहेर आली. कोंबड्या काही एका जागी ठरेनात. तेव्हा तिनंच युक्ती काढली आणि पसाभर ज्वारी उकिरड्यावर भिरकावली. कोंबड्या धावत जमल्या, अन् त्यांच्या मधोमध ही तोंडभर हसत उभी राहिली. चष्मेवाला खूश झाला. का खूश झाला, हे बिचारीला काय ठाऊक!

पावसाळा सरला आणि पुलाजवळ कंपनीचं दुकान उघडलं. भिंतीवर हे एवढं मोठं चित्र लागलं. उजवीकडे पांढरीशुभ्र कोंबडी अन् कोटातला डॉक्टर. डावीकडे उकिरडा, त्यावर हसणारी झुंबरबाई, आणि सगळ्यावरून लाल फुली. खाली लिहिलं होतं, 'लेकराच्या ताटात काय वाढाल? घाण की स्वच्छ?' झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. फुली कळायला मात्र शाळा लागत नाही.

"झुंबरमावशी," तातेराव मान खाली घालून म्हणाला, "गिऱ्हाईक आधी इचारून राह्यलं, कोंबडी कोणती हाय म्हणून. मी तरी काय करू?"

"बराबर हाय," ती म्हणाली आणि कोंबड्यांची पाटी उचलून घरी आली.

ती रडली नाही, भांडली नाही. गाव म्हणालं, बाई खमकी. खमकी कसली! तिच्या आत काही हलेनासंच झालं होतं. दाणे टाकायची, अंडी गोळा करायची, पण सगळं शेजारणीचं काम करावं तसं.

अशात तिची लेक द्वारका पहिल्या बाळंतपणाला आली. लेकीला दिवस गेल्याचं कळलं की आईनं खुराड्यातली एक कोंबडी तिच्या नावानं राखायची, कुणी कितीही मागितली तरी विकायची नाही, आणि बाळंतिणीला तिचीच आळणी, म्हणजे बिनतिखटाचा रस्सा, पाजायची, अशी तिच्या घरची रीत. झुंबरबाईनं एक काळी कोंबडी राखली होती. चित्र लागायच्या आधी तातेरावानं दोनदा मागूनही दिली नव्हती.

द्वारकेला मुलगी झाली. पाचवी पुजून झाल्यावर ती म्हणाली, "माय, आता काळीची आळणी कर ना. सासरी लई याद येत व्हती तुझ्या हातच्या आळणीची."

झुंबरबाई अंगणात गेली. काळी उकिरडा उकरत होती. हातावर वाढलेली ती, हाक मारताच पायाशी आली. झुंबरबाईनं तिला उचललं. तिच्या चोचीला शेण लागलं होतं. जन्मभर पाहिलेलं, पदराच्या टोकानं सहज पुसलेलं शेण. आज मात्र ते पाहून झुंबरबाईनं तोंड फिरवलं, पदर आवरून घेतला. हात आपोआप ढिला पडला आणि काळी फडफडत निसटली. क्षणभर तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तेही वाटेनासं झालं.

"माय, घावली का?" आतून लेकीनं विचारलं.

"न्हाई. पळाली."

तिनं पिशवी घेतली आणि पुलाची वाट धरली. दुकानापुढे चार-सहा माणसं उभी होती, ती त्यांच्या मागं उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा दुकानदारानं एकदा भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"बाळंतिणीला पाह्यजे," झुंबरबाई म्हणाली. "चांगली साफ दे."