नणंदेच्या नावावरच्या एकाहत्तर धावा

कारखान्यात कॉलरी शिवणाऱ्या बायकांनी तिचं नाव खिळा ठेवलं होतं. एकदा खेळपट्टीवर उभी राहिली, की तिला उपटायला पक्कडच लागायची. आजच्या मुलींना बूट आहेत, प्रशिक्षक आहेत, आणि ते असायलाच हवेत. खिळ्याच्या काळी मात्र क्लबच्या बायकांच्या संघाला मैदान मिळायचं ते पुरुष उठायच्या आत. रोलर स्वतःच ओढायचा, कपडे अवजारांच्या खोलीत बदलायचे, पॅड कॉलरींत घालून उरलेल्या जाड, ताठ बकरमचे शिवायचे. कुंपणापलीकडून कुणीतरी "लाटणं घरी राहिलं का?" असं ओरडायचंच. खिळा पुढचा चेंडू नेमका त्याच कुंपणावर मारायची.

खरी पंचाईत घरात होती. लेकीने बॅट धरली तर कौतुक आणि सुनेने धरली तर थेर, असा सासऱ्यांचा न्याय. आणि पेपर तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. त्यांची लेक, म्हणजे खिळ्याची धाकटी नणंद, चेंडू दिसला की डोळे मिटायची. पण तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून ती संघाची स्कोअरर झाली. बाहेरगावच्या संघाशी पहिला मोठा सामना ठरला तेव्हा तोड तिनेच काढली.

"वहिनी, तू खेळ. वहीत मी माझं नाव लिहिते, पेपरात तेच छापून येईल. बाबांना कळतंय कशाला?"

खिळ्याने चार तास उभं राहून एकाहत्तर धावा काढल्या, नाबाद. मधलं बोट मोडलं ते कायमचं वाकडं राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून सासऱ्यांनी लेकीची पाठ थोपटली, आणि सुनेला विचारलं, "चहाला एवढा वेळ?" पुढची सहा वर्षं ती त्याच उसन्या नावाने खेळली. सासरे गेले तोवर संघच मोडला होता.

पन्नास वर्षांनी क्लबला जाग आली. नव्या दालनात पहिल्या महिला संघाचा फलक लागणार होता. नणंदेने जपून ठेवलेली वही क्लबला दिली, आणि खिळ्याने सचिवाला खरं काय ते सांगितलं. सचिव वयाने तिच्या मुलाएवढा.

"काकू, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण नोंदीत आहे तेच फलकावर येणार."

खिळ्याने वाकडं बोट टेबलावर ठेवलं. "मग हे कुणाचं मोडलं?"

"बोटाची नोंद नाही ना," असं म्हणून तो हसलाही.

खिळ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांसमोर गप्प बसले ती संसार टिकावा म्हणून, आता याच्या शिस्तीपायी गप्प बसू?

समारंभाच्या दिवशी पडदा सरकला. सर्वाधिक धावांपुढे नणंदेचं नाव ठळक रंगवलेलं होतं. नणंदेला मंचावर बोलावून तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला. तिसऱ्या रांगेत खिळा दात-ओठ खात बसली होती. नणंदेने गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि काचेच्या पेटीतली वही मागितली. सचिवाने ती कौतुकाने उघडून दिली. नणंदेने त्याच्याच खिशातलं पेन काढलं, आपल्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर वहिनीचं नाव लिहिलं.

"अहो काकू, हे काय करताय! पन्नास वर्षांची नोंद आहे ती!"

"आणि त्या नोंदीची स्कोअरर मी आहे. चूक झाली तर स्कोअररने खोडायचं, दुरुस्त करायचं आणि बाजूला सही ठोकायची. नियमच आहे. मला जरा उशीर झाला, एवढंच." तिने सही केली आणि वही त्याच्यापुढे धरली. "आता नोंदीत काय आहे, मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. टाळ्या थांबेनात. खिळ्याला रडू फुटलं, पण राग तसूभरही उतरला नाही. तोंडाने सांगितलं तेव्हा ती खोटी, आणि दुसरीने शाईने लिहिलं की लगेच खरी! डोळे पुसत ती मंचावर चढली.

"रंगाऱ्याला बोलवा."

"उद्या नक्की करतो, काकू."

"आज," खिळा म्हणाली आणि फलकासमोर पाय रोवून उभी राहिली. "मला चार तास उभं राहायची सवय आहे."