मायच्या नावापुढचा रकाना

माय गेली त्याच्या आठव्या दिवशी मी कामावर गेले. आदल्या दिवशी पुण्यानुमोदन झालं होतं, पाहुणे परतले होते आणि घरात बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोहगावहून सकाळच्या बसनं सौंसरला उतरले, चपला दाराबाहेर काढल्या आणि कम्प्युटरसमोर बसले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरकारच्या घरोघरच्या पाहणीचे कागद कम्प्युटरमध्ये चढवायचं काम एका ठेकेदाराला मिळालं होतं. त्यानं भाड्याच्या खोलीत दोन मशिनी मांडल्या होत्या. मी टायपिंगची परीक्षा पास होते म्हणून मला घेतलं. काळ्या पडद्यावर हिरवा फॉर्म यायचा: नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, वय, हयात की मयत, काम. नावं इंग्रजी अक्षरांत, बाकीचं बहुतेक आकड्यांत. हयातला एक, मयतला दोन. कामात शेतीला एक, शेतमजुरीला दोन, असं करत शेवटी काहीच करत नसेल तर पाच. शेवटचा रकाना भरला की फॉर्म पुसला जाई आणि नवा कोरा समोर येई.

पांढुर्ण्याकडचे गठ्ठे आधीच झाले होते. आता मोहगावचा निघाला. शेजारच्या मशीनवर बोरगावची एक बाई बसायची, माझ्याहून मोठी. तो गठ्ठा मी घेऊ का, असं तिनं हळूच विचारलं. मी नको म्हटलं.

दुपारी आमच्या घरचा कागद आला. पाहणी दिवाळीनंतर झालेली, माय काविळीनं पडली त्याच्या आधी. बाबा: शेतमजुरी. माय: वय पंचेचाळीस, हयात, काम काही नाही. तिचं नाव इंग्रजीत कधी कोणी लिहिलं नव्हतं. स्पेलिंग मीच ठरवलं. मग एक दाबला, पाच दाबला, आणि ती पुढे गेली. रडू येईल म्हणून मी थोडी थांबले. आलं नाही. पाच वाजेपर्यंत बाकीचा गठ्ठा संपवला.

पंधरा दिवसांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आल्या. कोणाचं लग्न झालेलं, कोणाकडे बाळ, कोणी गेलेलं. चिठ्ठीवरचा नंबर टाकला की जुना फॉर्म भरलेलाच उघडायचा आणि तेवढा एक रकाना बदलायचा. त्यात मायची चिठ्ठी होती. बाबांनी कोतवालाला कळवलं होतं. मी एकाचा दोन केला. कर्सर खाली उतरला आणि कामापुढे जाऊन थांबला. तिथे पाच होता.

मला कळायला लागल्यापासून माय कापूस वेचायला जात होती. संत्र्याच्या तोडीला जात होती. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरबाडलेली असायची. मी पाचाचा दोन केला आणि फॉर्म बंद केला.

छापून निघालेली यादी तपासणीचे साहेब कागदाशी ताडून पाहत. ते नागपूरचे, हळू बोलणारे. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मायच्या ओळीवर लाल गोल होता. चूक झाली का, असं विचारलं. मी म्हटलं, माझी नाही, कागदाची चूक आहे. तुम्हाला कसं माहीत, म्हणाले. ती माझी आई होती, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, कागद बदलल्याशिवाय मशीनमध्ये बदलता येत नाही. मग आपण भरलेल्यावर कोण विश्वास ठेवेल?"

त्यांनी एक कोरी चिठ्ठी दिली. घरातल्या कर्त्याची सही आणा, तोवर पाच करा, म्हणाले. मी जागेवर जाऊन पाच केला. हातांना काहीच जड गेलं नाही.

संध्याकाळी बाबांनी चिठ्ठी अंगणातल्या उजेडात धरून वाचली.

"हे भरून काय होते?"

"काही होत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चिठ्ठी मांडीवर ठेवली. मग पाहणीवाला आला होता त्या सकाळचं सांगू लागले. माय कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून निघालीच होती. त्यानं विचारलं, काय काम करता. ती म्हणाली, काही नाही, घरीच असतो.

"कापूस वेचाले जाऊन राहिली होती, अन् म्हणते काही नाही," बाबा म्हणाले. "मी बाजूलेच बसलो होतो. मी बी काही नाही बोललो."

त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी पाहिली, कोपऱ्यात आपली सही केली आणि परत दिली. मी नंबर टाकला. पाचाचा दोन केला. बोरगावची बाई तेवढा वेळ आपलं काम थांबवून बसली होती. मग तीही टाइप करू लागली. हलकं वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही.

घरी गेले तर बाबा वाटच पाहत होते. चढलं काय, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते बकरीला पाणी पाजायला गेले.

उन्हाळ्यात काम संपलं. सगळ्या फ्लॉप्या एका खोक्यात भरून भोपाळच्या सरकारी कचेरीत गेल्या. खोक्यावर गावांची यादी मीच चिकटवली. पुढे त्या तिथे कोणी उघडून पाहिल्या की नाही, ते मला कळलं नाही.