मागच्या सीटखालचा पत्रा

पडदा वर जातो. समोर आमच्या इमारतीचं मागचं अंगण. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या, आणि बरोब्बर मध्यभागी, विटांच्या चार चवडींवर चढवलेली एक लांबलचक, फिकट पिवळी मोटार. चाकं काढून भिंतीला टेकवलेली. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. एकात चप्पल, दुसरा अनवाणी. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई येते आणि ओरडते, "अहो, चहा निवला! का तिलाच पाजताय?"

गाडीखालून आवाज येतो, "तिचं पोट बिघडलंय. तिला नको. मला आण."

"मी नाही आणणार. माझा चहा पायऱ्या उतरत नाही."

ते पाय मिस्त्रींचे. खिडकीतल्या बाई म्हणजे त्यांच्या घरच्या; मी त्यांना वहिनी म्हणते. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा खेळ मला तीन वर्षं रोज, फुकटात आणि बाल्कनीतून बघायला मिळाला.

मिस्त्री आमच्या नाटक कंपनीचे सुतार. पस्तीस वर्षं मी त्यांनी बांधलेल्या घरांमध्ये संसार केले, त्यांच्या राजवाड्यांत विष प्यायले, त्यांच्या तुरुंगात कुजले. या सगळ्या भिंती कॅनव्हासच्या. मागून बघाल तर काठ्या, खिळे आणि सरसाचे डाग. पुढून बघाल तर संगमरवर. मिस्त्री काम संपलं की प्रेक्षागृहात उतरायचे, तिसऱ्या रांगेत बसायचे आणि डोळे बारीक करायचे. तिथून खरं दिसलं की झालं. पुढच्या दोन रांगांत फुकट पासवाले असतात, त्यांना तक्रारीचा हक्क नाही, असं ते म्हणत.

कंपनीचा सगळा डोलारा ट्रकवर चढायचा आणि त्या ट्रकवर मिस्त्री. वर्षातले आठ महिने ते गावोगाव. मुलगा पहिल्यांदा चालला तो यांच्या माघारी, शाळेत गेला तो यांच्या माघारी, दोन वेळा हात मोडून घेतला तोही यांच्या माघारी. कंपनी बंद पडली, मिस्त्री घरी बसले, आणि दोन महिन्यांत ही गाडी घेऊन आले. भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती अकरा वर्षं उभी होती. पुढची सीट सलग, मागची त्याहून ऐसपैस. सहा माणसं आरामात.

वहिनी म्हणाल्या, "घरात चालती-बोलती माणसं आहेत, तर यांना सोबतीला लोखंड हवं!"

"अगं, सगळ्यांना एकत्र कुठं नेलं नाही कधी. आता नेतो."

"ढकलत?"

वहिनींनी तिचं नाव ठेवलं पाहुणी. आली ती जायचं नाव घेईना म्हणून.

पैसा बेताचा. म्हणून मिस्त्रींनी ठरवलं, एका महिन्याला एकच अवयव. कधी कार्बुरेटर, भंगारवाल्याकडचा, धुऊन पुसून. कधी ब्रेक, ते मात्र नवे, आणि त्या महिन्यात त्यांनी स्वतःचा चष्मा पुढे ढकलला. काचा वरखाली करायच्या मुठी त्यांनी शिसवीच्या लाकडाच्या केल्या. सीटची कव्हरं आमच्या कंपनीच्या जुन्या मखमली पडद्याची. त्या पडद्यामागे उभं राहून मी हजारदा देवाचं नाव घेतलं असेल. आता त्यावर बसायचं, या विचारानं मला उगाच भरून आलं.

सूनबाई इस्पितळात एक्स-रे काढायची. कामावर जाताना रोज चिडवायची, "बाबा, हिला घेऊन या एकदा. फुकटात काढून देते."

"नको गं. काय काय निघेल कोण जाणे," मिस्त्री म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी इंजिन सुरू झालं. इतक्या जुन्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर सरकारी तपासणीतून जावं लागे, आणि तिची तारीख एकदाच मिळे. चुकली तर नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात. मिस्त्रींना तारीख मिळाली. तपासणीला आठ दिवस उरले असताना त्यांनी मागची सीट उचलून खालचा गालिचा ओढला. मागच्या काचेच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं. सीटच्या खालपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत सगळा पत्रा गंजून पापडासारखा झालेला. बोट लावलं की आत जाई.

वेल्डर येऊन बघून गेला. "हे सगळं कापावं लागेल, मिस्त्री. नवीन पत्रा, नवीन पट्ट्या. तीन आठवडे धरा."

"आठ दिवसांत?"

"आठ दिवसांत मी तुम्हाला फक्त सहानुभूती देऊ शकतो."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मिस्त्री चार दिवस गाडीभोवती ताडपत्री लावून आत काहीतरी करताहेत, आणि अंगणात सरसाचा वास सुटलाय. तो वास माझ्या ओळखीचा. मला वाटलं, सीटला कापड चिकटवत असतील.

गाडी तपासणीला गेली आणि पास होऊन आली! मुलगा सोबत गेला होता. तो जिन्यातूनच सांगत सुटला, "तपासनीस टॉर्च घेऊन खाली उतरला, सगळं बघितलं, आणि म्हणतो, मागची बाजू काय ठेवलीय! या वयाच्या गाडीत असा पत्रा बघितला नाही."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "हात धुऊन येतो," आणि बराच वेळ आले नाहीत.

मुलानं लगेच बेत आखला. येत्या रविवारी सगळ्यांनी डोंगरापलीकडे, सूनबाईच्या आईकडे जायचं. तीन तासांचा रस्ता. आजीनं नातींना वर्षभर बघितलं नव्हतं. मलाही आमंत्रण. पुढे मुलगा, मिस्त्री आणि वहिनी. मागे सूनबाई, दोन्ही नाती आणि मी.

त्या आठवड्यात मिस्त्रींचा चेहरा बघवेना. सोमवारी म्हणाले, बॅटरी उतरलीय. मुलानं बघितली, ठणठणीत. बुधवारी म्हणाले, टायरला चीर आहे. मुलानं चारही टायर हातानं चाचपले. शुक्रवारी म्हणाले, "मला बरं वाटत नाही."

"मग मागे आडवे व्हा, बाबा. पोरी मांडीवर घेतील," सूनबाई म्हणाली.

"मागे नको!" ते इतक्या जोरात ओरडले की धाकटी नात रडायला लागली.

वहिनी मला म्हणाल्या, "बाई, यांना काय झालंय? रात्री झोपेत पत्रा पत्रा करतात. माझं नाव पस्तीस वर्षांत घेतलं नाही कधी झोपेत."

रविवार उजाडला. गाडी चाकांवर उभी, पुसून लख्ख. डिकीत पिशव्या गेल्या. दोघी नाती मागच्या दाराशी धक्काबुक्की करत होत्या, खिडकी कुणाची यावरून. मिस्त्री बाजूला उभे. हातातला फडका पिळताहेत, सोडताहेत, पुन्हा पिळताहेत. मोठी नात पायरीवर चढणार, एवढ्यात ते म्हणाले, "आधी बाई बसतील."

मी पुढे झाले. दार धरलं, एक पाय उचलला, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मिस्त्री, पाय कुठं ठेवू?"

हे आमच्यात विचारायचंच असे. नव्या सेटवर पहिल्यांदा चढताना प्रत्येक नट मिस्त्रींना विचारायचा. कारण रंगवलेल्या दहा पायऱ्यांतल्या चारच वजन पेलणाऱ्या असायच्या. मिस्त्री हात धरून दाखवायचे: ही चालेल, ही नाही, इथं टेकू नका. त्यांच्या शब्दावर आम्ही डोळे मिटून उड्या मारल्या. पस्तीस वर्षांत एकाचाही पाय मुरगळला नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग माझा दंड धरून मला मागे ओढलं. म्हणाले, "कुठंच नको."

"म्हणजे?"

त्यांनी मागची सीट उपसून अंगणात टाकली. गालिचा ओढला. खाली सुरेख पत्रा. काळा डांबरी लेप, खड्यांचे ओरखडे, वेल्डिंगची ओबडधोबड शिवण. मिस्त्रींनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्यात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला, तर भोकातून अंगणातली फरशी दिसली.

"प्लायवुड आहे," ते म्हणाले. "वर कॅनव्हास. शिवण भुशाची आणि सरसाची. तपासणीपुरतं केलं होतं. मग खरं करणार होतो."

मोठी नात वाकून भोकातून बघायला लागली, तसं सूनबाईनं तिचा हात धरून तिला मागे घेतलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळतंय का? डोंगराचा रस्ता! चार माणसं बसणार होती इथं."

"कळतंय. आठ दिवस तेच कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना सांगत सुटला होतास ना, पत्रा किती छान म्हणून."

ते खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं, आणि मिस्त्रींना ते बोलता बोलताच समजलं असावं. सूनबाई मात्र हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी दिवसभर माणसांच्या आतलं बघते. आणि घरातल्या माणसाचं मला दिसलं नाही." मग दोन्ही पोरींना घेऊन ती वर गेली.

वहिनींनी डिकीतल्या पिशव्या काढायला सुरुवात केली. शेवटची पिशवी उचलताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "वर या. उन्हात उभं राहून काय ते चांगलं होणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तपासणीच्या कचेरीत गेले. मला सोबत नेलं. म्हणाले, माझी जीभ अडखळली तर तुम्ही बोला. पण ते न अडखळता बोलले. तपासनीस ऐकत राहिला, मग खुर्चीतून उठून दार लावून आला.

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत, हे सांगायला तुम्ही रांगेत उभे राहिलात?"

"हो, साहेब."

"ती शिवण खोटी होती?"

"भुशाची."

"त्यावर मातीचे शिंतोडे होते!"

"ब्रशनं उडवले होते, साहेब. दात घासायच्या."

तपासनीसानं कपाळाला हात लावला. दाखला फाडला. दंड केला. पण लिहिताना मधेच थांबून म्हणाला, "आपण होऊन परत आलेला माणूस मी बघितला नाही. तीन आठवडे देतो. तोवर गाडी अंगणातून हलली तर माझ्याशी गाठ आहे. आणि या वेळी मी हातोडा आणणार."

ते तीन आठवडे आमच्या इमारतीचा जीव टांगणीला लागला होता. वेल्डरनं सगळं कापून काढलं. गाडीला मागून पुढून आरपार दिसायचं. मग पत्रा मिळेना, मिळाला तो पातळ निघाला, परत केला, दुसरा आला. मिस्त्री प्रत्येक जोड स्वतः हातोडीनं वाजवून बघायचे. वेल्डर वैतागून म्हणाला, "अहो, हे देऊळ नाही, घंटा काय बडवताय?" विसाव्या दिवशी शेवटचा टाका पडला. एकविसाव्या दिवशी तपासनीस अंगणात येऊन त्या पत्र्यावर इतका वेळ ठोकत बसला, की मला वाटलं आता तोच तो फोडणार. दाखला मिळाला.

मिस्त्रींनी तो घरात कुणाला दाखवला नाही. टेबलावर ठेवला आणि वर चष्म्याचं घर ठेवलं.

कारण खरी भीती तपासनीसाच्या हातोड्याची नव्हतीच. सूनबाई त्या दिवसापासून कामापुरतं बोलत होती. जेवायला वाढलंय, औषध घेतलं का, एवढंच. चिडवणं बंद. नाती अंगणात आल्या तरी गाडीपासून चार हात लांब खेळायच्या. तसं त्यांना बजावलेलं होतं. मिस्त्री रोज गाडी पुसायचे आणि जिन्यावर पाऊल वाजलं की वर बघायचे. कुणाला बसा म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. "मी कुठल्या तोंडानं म्हणू, बाई?" असं मला दोनदा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गॅलरीत केस वाळवत होते. सूनबाई खाली आली. दोन्ही पोरी सोबत, खांद्याला मोठी पिशवी. मागून मुलगा, त्याच्या मागून वहिनी, एकेक पायरी बघत. सूनबाई गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं नाही. सासऱ्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"आईला फोन केलाय," ती म्हणाली. "दुपारपर्यंत येतो म्हणून."

मला वाटलं, आता मिस्त्री छाती ठोकून सांगतील, बस पोरी, हत्ती बसला तरी काही होणार नाही. त्यांनी फडका खांद्यावर टाकला, पलीकडच्या बाजूला गेले, मागचं डावं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि कान देऊन ऐकलं. मग ते वळले आणि सुनेला म्हणाले,

"खालचा पत्रा चांगला आहे, पोरी, मी त्यावर उड्या मारून बघितलंय. पण या डाव्या दाराची कडी मला अजून पटत नाही. आज दोरीनं बांधून घेतो, आणि पोरींना तू उजवीकडे बसव."